मधला बल्ब

निवृत्त झाल्यापासून ह्यांना ठिणग्या पाडायचा नाद लागलाय. कुठल्याशा दुकानाच्या जुन्या निऑन पाटीचा ट्रान्सफॉर्मर टेबलावर घेऊन बसतात. काल पाहिलं, तर घरातला प्लग आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या मधे साठ वॅटचा साधा बल्ब जोडलेला.

"हा कशाला मधे?" मी विचारलं.

"काही चुकलं तर सगळा करंट एकदम आत जाऊ नये म्हणून. हा अडवतो आणि स्वतः तापतो."

मला आई गेली तो दिवस आठवला. फोन ह्यांनी घेतला होता. घरी म्हणाले, "आईंना जरा बरं नाहीये, जाऊन येऊ." एसटीत बसल्यावर म्हणाले, "दवाखान्यात नेलंय." गावच्या फाट्यावर उतरलो तेव्हा नुसता माझा हात धरला. ठाऊक असून सांगितलं नाही, म्हणून मी कितीतरी दिवस धुसफुसत होते. ते चार तास ह्यांनी एकट्यानं कसे काढले असतील, हे कधी मनातच आलं नाही.

ह्यांनी बटण दाबलं. इवलीशी निळी ठिणगी पडली आणि बल्ब लालसर उजळला. बटण बंद झाल्यावर मी हात पुढे केला.

"थांब, तापलाय तो."

"माहितीये," मी म्हटलं आणि हात ह्यांच्या खांद्यावर ठेवला.