पडेगावात न वाकलेला गार्ड

नाशिकहून निघालो तेव्हा माझ्या लेकीला, मंजूला, आठवा महिना लागायला एकच दिवस उरला होता. आठव्यात गरोदर बाईने प्रवास करायचा नाही, हा आमच्या घरचा रिवाज. त्यामुळे तिला आजच्या आज सासरहून माहेरी आणायचे, असा मी हट्टच धरला होता. सोळा वर्षे जुन्या गाडीला मागच्या बंपरवर जाड लोखंडी गार्डही मुद्दाम बसवून घेतला होता. लेक मागे बसणार होती ना!

वैजापूर सोडल्यावर हिरवे असे काही दिसेना. दौलताबादचा किल्ला मागे पडला आणि छत्रपती संभाजीनगरच्या वेशीवरचे पडेगाव, मंजूचे सासर, आले. पूर्वी इथे ज्वारीची राने पाहिली होती. आता प्लॉटच्या पाट्या, अर्धे बांधलेले बंगले आणि दारोदार पाणी साठवायचे निळे ड्रम. विहीणबाईंनी पाणी अर्धा पेलाच दिले आणि त्या ओशाळल्या. पिठलं-भाकरी मात्र आग्रहाने वाढली.

जेवून लगेच मंजूला घेऊन निघालो, तर कॉलनीच्या तोंडाशीच मागून पाण्याचा टँकर येऊन आदळला. वेग फारसा नव्हता. उतरून पाहिले, तर गार्डवर साधा ओरखडा. मला केवढा अभिमान वाटला! मंजूला काही लागले का विचारले. ती नाही म्हणाली. टँकरवाल्याला चार शब्द सुनावून निघणार, तर धक्क्याने उघडलेली डिक्की बंद होईना.

समोरच मुश्ताक मिस्त्रींची गाडी-दुरुस्तीची शेड होती. दोरीने बांधून द्या, आम्हाला घाई आहे, असे मी तीनदा सांगितले. त्यांनी ऐकले नाही. आधी गार्ड सोडला, मग बंपर उतरवला. आत धक्का झेलणारा फोमचा पट्टा होता, अगदी कोरा.

"बघा, शाबूत आहे," मी म्हणालो.

"साहेब, ह्योच दबायला पायजे होता. तुमच्या गार्डनं त्याला शिवू बी दिलं नाय. समदा दणका सीधा चासीत, गाडीच्या सांगाड्यात गेला."

त्यांनी डिक्कीखालचा पत्रा दाखवला. पार मागच्या सीटपर्यंत चुरगळला होता. मग हळूच विचारले, "मागं कोन बसलं होतं?"

मी वळलो. मंजू शेडच्या सावलीत बाकावर बसली होती, एक हात कमरेवर. खरं सांग, म्हणालो.

"मघापासून कळ येतेय, बाबा. पण तुम्हाला आजच निघायचं होतं."

मी तिला हात देऊन उठवले. मिस्त्रींनी काम टाकून आपल्या रिक्षातून आम्हाला दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. पण प्रवास बंद, असे त्यांनी बजावले.

दोन दिवसांनी, गाडी दुरुस्त झाल्यावर, मंजूला सासरीच ठेवून मी एकटाच परतलो. गार्ड मिस्त्रींकडेच भंगारात टाकला. मागची सीट रिकामी होती, तरी नाशिकपर्यंत प्रत्येक गतिरोधकावर मी गाडी अगदी हळू घेतली. मंजूने मला दुखतंय म्हणून सांगितले नव्हते, हे काही केल्या डोक्यातून जाईना.