सारं काढून द्या

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून निघालेली नाही. बायकोला ठाऊक नाही, दुकानात शेजारी बसणाऱ्या सख्ख्या भावालाही नाही. तुम्हाला सांगतो — तुम्हालाच का, ते विचारू नका.

अमरावतीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या हातात जादू आहे म्हणतात लोक. म्हणोत बापडे! पण कोणी येऊन म्हणालं, "भाऊ, पासवर्ड घेते, मंग नुसता काळा पडदा अन् पांढरा बाण," की मला तो लॅपटॉप हातात घ्यावासा वाटत नाही. दुरुस्ती सोपी असते हो. भीती वाटते ती त्या काळ्या पडद्यामागे काय असेल याची.

वरूडच्या प्रभाकरभाऊंच्या घरचा लॅपटॉप असाच आला होता. भाऊ संत्र्याचे व्यापारी, गडगडाटी आवाजाचा माणूस. खर्र्यानं, त्या तंबाखू-सुपारीनं घात केला — घशाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला तो कायमचा. वहिनी दवाखान्यातून थेट दुकानात आल्या, लॅपटॉप ठेवला, म्हणाल्या, "भाऊ, सुरू होते पन काही दिसत नाई. त्यातलं सारं काढून द्या." आणि तशाच ऑटोत बसून परत गेल्या.

काढून द्या. आमच्या धंद्यात दिवसभर हेच — व्हायरस काढून द्या, पासवर्ड काढून द्या. म्हणजे साफ करा. मी तसंच समजलो. चूक झाली, दुसरं काय? मी स्वतःला इतकी वर्षं हेच सांगत आलो. पण थांबा, तेवढंच नाही.

आधी मी नेहमीचा उपाय केला होता. पडद्यावर सगळं मांडणारा एक्सप्लोरर नावाचा प्रोग्राम टास्क मॅनेजरमधून हातानं सुरू केला, आणि डेस्कटॉप आला — सगळा, जसाच्या तसा. मधोमध एक फोल्डर. 'बाबाचा आवाज'. मी नाव वाचलं. वाचलं, खोटं कशाला बोलू? रीस्टार्ट केलं तर पुन्हा काळं. पुन्हा केलं, पुन्हा काळं. माझं डोकं तापट, त्यात दुकानात गर्दी. वहिनींना एक फोन लावला असता तर? नाही लावला. गेलं चुलीत म्हटलं, फॉर्मॅट मारला, आतलं सगळं पुसलं आणि वर नवी सिस्टीम चढवली.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या त्या मुठीत नवाकोरा पेनड्राइव्ह घेऊन. काढून द्या म्हणजे यात भरून द्या! ऑपरेशनच्या आधी पल्लवीनं, त्यांच्या मुलीनं, बापाला समोर बसवून रेकॉर्ड केलं होतं — त्याच्या गप्पा, त्याचं हसणं, तिला मारलेली हाक. दुसरीकडे कुठंच ठेवलेलं नव्हतं.

आणि मी काय बोललो?

"वहिनी, आतलं आधीच उडालं होतं. कोनीतरी भलतंच बटन दाबलं असन."

कोणीतरी! घरात त्या लॅपटॉपला हात लावणारी एकटी पल्लवी. वहिनींचा चेहरा बदलताना मी पाहिला. "पल्लवीच बसे त्याच्यावर," एवढंच त्या म्हणाल्या. आता घरी त्या पोरीचं काय होणार, हे मला तिथंच कळलं होतं. मी पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

मग कानावर येत गेलं — पल्लवीनं कम्प्युटरचं शिक्षण अर्ध्यात सोडलं. आई तिच्याशी कामापुरतं बोलते. तरी मी गप्प. किती नीच असावं माणसानं?

गेल्या वर्षी अकोल्यात तिचं लग्न झालं. मला पत्रिका होती. जेवणं आटोपल्यावर ती बापाचा हात धरून माझ्याकडे आली. शालूत, डोळे भरलेले. "काका," म्हणाली, "एकडाव खरं सांगा मले. बाबाचा आवाज माह्याच हातून गेला न?"

प्रभाकरभाऊ तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, मान हलवत होते — नाही, नाही. यापलीकडे त्यांना काय करता येणार होतं? खरं माहीत असलेला तिथं मी एकटाच होतो. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

मी म्हटलं, "हव. तुह्याच हातून."