अप्पांच्या गोळीचा मी केलेला अभ्यास

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या वडिलांना सतरा दिवस रक्त पातळ करायच्या गोळीऐवजी कॅल्शियमची गोळी दिली. त्यांच्या भल्यासाठी दिली. यातलं पहिलं वाक्य खरं आहे आणि दुसरंही खरं आहे. दोन्ही एकापाठोपाठ वाचली की शिकलेला माणूस कुठवर जाऊ शकतो याचा अंदाज येतो.

पालमला आमचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. अप्पांनी ते चाळीस वर्षं चालवलं. आता मी चालवतो आणि ते कसं चालवू नये हे अप्पा मला सांगतात. सकाळी अंघोळ, कपाळाला भस्म, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, मग नाश्ता, मग माझ्या चुका, असा त्यांचा दिवस. दिवाळीनंतर त्यांच्या छातीत धडधडायला लागलं म्हणून मी त्यांना परभणीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं.

"ठोके अनियमित आहेत," डॉक्टर म्हणाले. "अशानं हृदयात रक्ताची गुठळी होते. ती मेंदूत गेली तर लकवा. म्हणून ही रक्त पातळ ठेवायची गोळी. रोज एक. चुकवायची नाही."

मी काही विचारायला तोंड उघडलं, तोवर पुढचा पेशंट आत येऊन स्टुलावर बसलासुद्धा. (अप्पा अजून त्याच स्टुलावर होते, हा भाग वेगळा.)

थोडक्यात, विचारायचं राहिलं. आणि विचारायचं राहिलं की मी वाचतो.

गोळीच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो. उलगडला की तो उलगडतच जातो, आणि अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. बियाण्यातली कीड बघायला दुकानात भिंग असतं, ते घेऊन मी बसलो. पहिल्या अर्ध्या तासातच कळलं की या गोळीनं नाकातून, हिरड्यांतून, पोटातून आणि जिथून रक्त येतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं अशा ठिकाणांहूनही रक्त येऊ शकतं.

"सुमन, ऐक," मी बायकोला म्हणालो. "हिरड्यांतून रक्तस्राव."

"तो तर तुमच्या रोज होतोय. गोळीशिवाय."

या घरात शास्त्रीय चर्चा करायला माणूस मिळत नाही. मी एकट्यानंच उपाय सुरू केले. अप्पांचा वस्तरा कपाटात कुलूपबंद केला. सुमनची विळी माळ्यावर टाकली. "विळीवर मी बसते, अप्पा न्हाई," ती म्हणाली. "जाता-येता पाय लागला म्हणजे?" मी म्हणालो. तीन दिवस आम्ही अख्ख्या बटाट्याची भाजी खाल्ली.

चौथ्या दिवशी अप्पांनी मला गाठलं.

"बसू, वस्तरा कुठंय माझा?"

"काढून ठेवलाय. रक्त पातळ झालंय तुमचं. कापलं तर थांबायचं नाही."

"मग दाढी?"

"वाढवा की."

"कामून? मी हिमालयात जायलोय का?"

पाठोपाठ मी परसातल्या बेलाखाली जायला बंदी घातली, कारण बेलाला काटे असतात. अप्पा पूजेसाठी साठ वर्षं स्वतःच्या हातानं बेल तोडत आले आहेत. त्यांनी बंदी शांतपणे ऐकून घेतली, माझ्यासमोरच चपला घातल्या आणि बेल तोडायला गेले. जाताना म्हणाले, "महादेवाला माहीत हाय झाडाला काटे हायेत म्हून."

आता गोळी धोक्याची आहे हे छापील कागदावरून कळलं होतं. पण छापील गोष्टीवर नुसता विश्वास ठेवणारा मी नव्हे. मला पुरावा हवा होता. रब्बीची पेरणी उरकली होती, दुकानात माणसं नुसती बसायला यायची. मी एकेकाला चहा पाजून विचारायला लागलो, "तुमच्या घरात, पाहुण्यांत रक्त पातळची गोळी कुणाला चालू आहे का? काही तकलीफ झाली का?"

तकलीफ विचारली की आपल्याकडं माणूस नाराज करत नाही. शेजारच्या गावचे नामदेवराव म्हणाले, "आमच्या सासूबाईला झाली न्हवं. नाकातून रगत. बादलीभर."

"बादलीभर?"

"म्हंजे, बादलीत पडलं."

दुसऱ्याच्या मेव्हण्याचं पोट बिघडलं होतं. तिसऱ्याच्या चुलत्याचं डोकं फुटलं होतं. (तो मोटारसायकलवरून पडला होता. गोळी पडण्याआधीची का नंतरची, हे सांगणाऱ्यालाही नक्की माहीत नव्हतं. मी धरून टाकलं.) आठवडाभरात अकरा माणसं झाली. अकराच्या अकरा वाईट. एकही बरं बोलणारा नाही. दुकानातल्या कॅलेंडरच्या पाठीमागं मी अकरा रेघा ओढल्या आणि खरं सांगतो, मला थोडा अभिमानही वाटला. डॉक्टरांना तरी इतक्या माणसांशी बोलायला वेळ होता का?

त्याच सुमारास अप्पांच्या दंडावर काळानिळा डाग उठला. थंडीनं त्यांचे गुडघेही धरले होते, आणि त्यासाठी मी ड्रॉवरमधली दुखण्याची गोळी रोज दोनदा न चुकता देत होतो. सेवेत माझ्याकडून कसूर नव्हती. पण तो डाग पाहिला आणि माझा धीर सुटला. दुसऱ्या दिवशी पूजेनंतर मी त्यांच्या हातावर कॅल्शियमची गोळी ठेवली.

इथं एक अडचण होती. खरी गोळी लालसर, मसुराएवढी. कॅल्शियमची पांढरी, वालाच्या दाण्याएवढी. अप्पांनी हात थोडा वरखाली केला.

"एवढी मोठी कशी काय झाली रे?"

"कंपनी बदलली, अप्पा."

"बरं," अप्पा म्हणाले. "ठेव. नाश्ता झाला की घेतो."

चाळीस वर्षांत कुठल्याही कंपनीच्या माणसाला अप्पा इतक्या सहज 'बरं' म्हणाल्याचं मला आठवत नाही. पण तेव्हा ते लक्षात आलं नाही. तेव्हा माझी छातीच त्यांच्यापेक्षा जास्त धडधडत होती.

पुढचे दिवस मी चोरासारखा जगलो. अप्पांनी पाणी मागितलं की मला वाटायचं, जीभ जड झाली. त्यांनी उजव्या हातानं वाटी उचलली की मी डाव्या हाताकडे बघायचो. एकदा ते जांभई देताना तोंड जरा वाकडं झालं, तर मी हातातली चटणी टाकून धावलो. "आ करा, अप्पा. हसून दाखवा. दोन्ही हात वर करा."

"काय झालंय ह्याला?" अप्पांनी सुमनला विचारलं.

"थंडी," सुमन म्हणाली.

आणि गंमत बघा, अप्पा सुधारत चालले. दंडावरचा डाग आधी हिरवा झाला, मग पिवळा झाला, मग गेला. भूक वाढली. चेहरा टवटवीत. दुपारी दुकानात येऊन माझ्या पाच-सहा चुका उभ्या उभ्या काढायला लागले. मला गहिवरून यायचं. मी सुमनला म्हणालो, "बघितलंस? गोळी थांबली आणि माणूस उभा राहिला."

ती भाकरी थापत होती. हात थांबले. "कोणची गोळी थांबली?"

मग तिला सगळं सांगावं लागलं. तिनं तव्यावरची भाकरी करपू दिली, यावरून प्रकरणाचं गांभीर्य माझ्या लक्षात आलं. "आत्ताच्या आत्ता सांगा त्यांना," ती म्हणाली. "न्हाईतर मी सांगते. आणि मी सांगितलं तर मी शेजारीपाजारीबी सांगंन."

अप्पा ओट्यावर उन्हात बसले होते. मी समोर जमिनीवर बसलो. पन्नाशीला आलेला माणूस बापापुढं रडताना बरा दिसत नाही, पण मी रडलो. डाग, कागद, अकरा माणसं, कॅल्शियम, सगळं ओकलो. शेवटी म्हणालो, "पण अप्पा, एक सांगतो. चुकलो असेन, पण सतरा दिवस गोळी नाही आणि तुम्हाला काही झालं नाही. उलट तब्येत सुधारली. हे तर डोळ्यानं दिसतंय."

अप्पांनी बंडीच्या खिशातून एक पाकीट काढून माझ्यापुढं टाकलं. लालसर, मसुराएवढ्या गोळ्यांचं. निम्मं रिकामं.

"पहिल्या दिवसापास्नं माहीत हाय मला," ते म्हणाले. "चाळीस वर्षं दाणा हातानं वळखला मी. मसुराच्या जागी वाल दिलेला कळंना का? त्याच दुपारी मेडिकलमधून आणली."

"म्हणजे तुम्ही रोज..."

"रोज. एक दिवस चुकवली न्हाई."

"आणि कॅल्शियम?"

"मोगऱ्याच्या कुंडीत."

म्हणजे ती भूक, तो टवटवीतपणा, तो गेलेला डाग, माझ्या सतरा दिवसांच्या निरीक्षणातली एकूणएक सुधारणा त्याच गोळीवर झालेली होती! मी नकळत त्या गोळीची बाजू सिद्ध करून बसलो होतो. निदान मला तसं वाटलं आणि मी तसं बोललोही. अप्पांनी तेवढंही पदरात पडू दिलं नाही. "काही शिद्ध झालं न्हाई. मुका मार आठ-दहा दिवसांत जातोच, येड्या. थंडी कमी झाली, गुडघे सुटले, हिंडायलोय म्हून भूक लागली. आता कुंडीतला मोगरा फुलला म्हून गिऱ्हाईकाला कॅल्शियम सांगू नको."

"पण ती अकरा माणसं, अप्पा?"

"बसू, आपल्या दुकानात पेरणीनंतर कोण येतं?"

"ज्याचं उगवलं नाही तो."

"अन् ज्याचं उगवलं तो?"

पंचवीस वर्षं मी त्या गल्ल्यावर बसतोय. ज्याचं रान हिरवं झालं तो माणूस 'उगवलं बरं का' म्हणून सांगायला एकदाही आलेला नाही. उगवण बघायची तर शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळतात आणि शंभरात किती आले ते मोजतात, हे मी रोज दहा जणांना शिकवतो. आणि स्वतःच्या बापाच्या वेळी? ओरडत आलेले अकरा दाणे घेऊन मोकळा झालो.

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?" मी विचारलं. "सतरा दिवस?"

"तू सांगतो का ते बघायलो होतो," अप्पा म्हणाले. "माझा थोरला भाऊ चार वर्षं खाटेवर होता लकव्यानं. तुला आठवत नसंल, तू लहान होतास. पाणी पाजायचं तर मान धरावी लागायची. मला रगताची भीती न्हाई बसू, खाटंची हाय. रगताची भीती तुला हाय. तुझ्या भीतीची गोळी मी कामून घ्यावी?"

मी गावभर विचारत हिंडलो. फक्त ज्याला गोळी घ्यायची होती त्याला विचारलं नाही. पण एक गोष्ट मी तेव्हाही मागं घेतली नाही आणि आताही घेत नाही. विचारायला हवंच होतं. 'चुकवायची नाही' हे उत्तर नव्हे. अप्पांनाही ते पटलं. "चल की मग," ते म्हणाले. "नीट इचारू." आम्ही एसटीनं परभणी गाठली आणि या खेपेस मी स्टुलाच्या उरलेल्या बाजूवर आधीच बसून घेतलं.

"साहेब," अप्पा म्हणाले, "माझ्यासारखे शंभर माणसं घ्या. गोळी न्हाई दिली तर किती जणांना लकवा? दिली तर किती? अन् दिल्यामुळं मोठं रगत किती जणांना जातं? दोन्ही बाजूचं सांगा. नुसतं औषध मारलेलं रान बघून काय कळत न्हाई, बिगर औषधाच्या दोन ओळी बाजूला लागतात."

डॉक्टरांनी घड्याळाकडं पाहिलं. अप्पांनी डॉक्टरांकडं पाहिलं. बाहेर माणसं दार वाजवत होती.

"हे कुणी विचारत नाही हो, काका," डॉक्टर म्हणाले.

"मी इचारायलोय."

मग त्यांनी खरंच कागद ओढला आणि दहा-दहा टिंबांच्या दहा ओळी काढल्या. लकव्याच्या टिंबांना गोल केले, मोठं रक्त जाणाऱ्यांवर फुल्या मारल्या. संशोधनातून काय नक्की माहीत आहे आणि काय नाही, तेही सांगितलं. (आकडे मी इथं देत नाही. ते अप्पांच्या वयाचे, अप्पांच्या किडनीचे होते. तुमचे तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि उठा म्हणाले तरी उठू नका.) अप्पा टिंबांवर बोट फिरवत म्हणाले, "म्हंजी उगवण चाचणीच की." मग म्हणाले, "घेणार."

"घ्याच," डॉक्टर म्हणाले. "पण मघाशी दंडावर डाग उठला होता म्हणालात... दुसरं काही औषध चालू आहे का? दुखण्याची गोळी?"

मी छाती पुढं काढून नाव सांगितलं. रोज दोन, न चुकता, माझ्या हातानं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रक्त पातळच्या गोळीबरोबर दुखण्याची तसली गोळी दिली की रक्त जायचा धोका वाढतो, हे त्यांनी मला सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून सांगितलं. "खोक्यातल्या कागदावरही असतं ते. वाचलं नाहीत का?"

वाचलं होतं. पहिली बाजू. ती वाचूनच इतका घाबरलो की कागद उलटायचा राहिला.

परतीच्या एसटीत अप्पा शांत झोपले. मी त्यांच्याकडं बघत होतो, या वेळी वाकड्या तोंडासाठी नाही.

तेव्हापासून अप्पांच्या गोळ्या सुमनच्या ताब्यात आहेत. डब्याच्या झाकणावर अप्पांनी तिच्याकडून ठळक अक्षरांत चिठ्ठी लिहून घेतली आहे: 'टाळावे – १. दुखण्याच्या गोळ्या. २. ओल्या फरशीवर चालणे. ३. चिरंजीव.' तिसऱ्या कलमाला मी लेखी हरकत घेतली. अप्पांनी भिंग लावून ती वाचली आणि विचारलं, "तुझा फायदा किती, धोका किती, सांग." मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आहे. धोक्याच्या बाजूची जागा संपत आली आहे.