ढगांची साठवण

आमच्या रत्नागिरीच्या दैनिकात दर सोमवारी तंत्रज्ञानाच्या बातम्यांचा आढावा येतो. तो करणारा सहकारी माझ्या शेजारी बसतो. इंग्रजी बातम्या तो भाषांतराच्या ॲपमध्ये टाकतो, आलेली मराठी न वाचताच पानावर लावतो आणि म्हणतो, "झाला वरणभात!" वाचून बघ म्हटलं, तर "वाचतंय कोण?" असं विचारतो.

आंब्याच्या ऐन मोहोरात त्याने मथळा दिला : 'या आठवड्यापासून ढगांची साठवण दुप्पट'. मूळ बातमी 'क्लाउड स्टोरेज'ची, म्हणजे फोनमधले फोटो कंपनीच्या सर्व्हरवर ठेवण्याच्या सोयीची होती. पण ढगाळ हवेत आंब्यावर तुडतुड्याची कीड पडते. त्या धास्तीने एका बागायतदाराने फुललेल्या मोहोरावर घाईने जास्तीचं औषध मारलं. चार दिवसांनी त्याने करपलेला मोहोर आणून आमच्या टेबलावर ठेवला.

"कुठं हायत तुमचे ढग? माझी बाग गेली!"

"काका, भाषांतर ॲपचं आहे," सहकारी म्हणाला. नाव मात्र आढाव्याखाली त्याचंच होतं. मग त्याने मोहोराचा फोटो काढून फोनला रोग विचारला.

"अरे, त्याला काय विचारतोस? मी समोर उभा हाय ना!"

"थांबा हो, येतंय."

उत्तर इंग्रजीत आलं. ते त्याने भाषांतराच्या ॲपमध्ये टाकलं.