विकायची नाही म्हणाले होते

सिस्टर निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. एकतीस वर्षं त्या ऑपरेशन थिएटरात होत्या. सर्जनच्या हातात चिमटा, कात्री, सुई वेळेवर ठेवायची आणि पोट शिवण्याआधी सगळं मोजून घ्यायचं, हे त्यांचं काम. नवराही त्यांना सिस्टर म्हणायचा. त्यात दोघांनाही काही वावगं वाटलं नाही.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. साहित्यात एम.ए. केलं, म्हणून त्या मला एम.ए. म्हणतात. माझ्या पदवीचा एवढा वापर अजून दुसऱ्या कुणी केलेला नाही.

त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. मी राहायला आले त्याच्या आदल्या वर्षी ते गेले आणि मागे एक गाडी ठेवून गेले. काळी, लांबलचक, डिझेलची. एका कारखानदाराने पंधरा वर्षं वापरून काढून टाकलेली. कातड्याच्या सीटा, दारांना आतून लाकडी पट्ट्या, आणि मागे पाय पसरायला एवढी जागा की माझ्या खोलीने लाजावं. सिस्टरना गाडी चालवता येत नाही. आम्ही दोघी बसने फिरतो.

पण दर रविवारी सकाळी त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसायच्या. मी शेजारी. किल्ली अर्धी फिरवली की समोर पिवळा दिवा लागायचा. तो विझेपर्यंत थांबायचं, मग गाडी सुरू करायची.

"आत सहा हीटर प्लग असतात," त्यांनी पहिल्याच रविवारी सांगितलं. "ते तापल्याशिवाय डिझेल पेटत नाही. ह्यांना घाई चालायची नाही."

दहा मिनिटं इंजिन चालायचं. समोरच्या गॅलरीतल्या बाई वाळत घातलेले कपडे आत न्यायच्या. मग गाडी बंद. आम्ही कुठेही गेलेलो नसायचो.

यंदा काचेवर नोटीस चिकटली. जुन्या डिझेल गाड्या महिनाअखेरपर्यंत रस्त्यावरून हलवा, नाहीतर उचलून नेऊ.

पुतण्या आला. "काकू, भंगारवाला उद्या यायला तयार आहे."

"विकायची नाही."

"कोण म्हणतं?"

"तुझे काका म्हणाले होते. शेवटच्या दिवशी. दुसरं काही बोलले नाहीत."

"अगं, मग ठेवणार कुठे? डोक्यावर?"

"विकायची नाही म्हणाले. द्यायची नाही असं नाही म्हणाले."

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

देणं सोपं असेल, असं मला वाटलं होतं. पहिल्या धर्मादाय संस्थेला फोन मी लावून दिला, बोलल्या सिस्टर.

"जरूर द्या, बाई," पलीकडचा माणूस म्हणाला. "आम्ही लिलाव करतो. पैसा मुलांच्या शिक्षणाला जातो."

"म्हणजे विकता."

"चांगल्या कामासाठी."

"पण विकता."

"हो, तसं म्हटलं तर..."

सिस्टरनी फोन ठेवला. "चांगली माणसं आहेत," असं म्हणून त्यांनी त्या नावावर काट मारली.

दुसऱ्या संस्थेला गाडी वापरायलाच हवी होती. अध्यक्षांसाठी. नोटिशीचं कळल्यावर अध्यक्षांना पायी चालण्याचं महत्त्व पटलं.

तिसरं नाव एका न्यासाच्या तांत्रिक शाळेचं होतं. त्यांना इंजिन खोलून शिकवायला जुनी गाडी हवीच होती. त्यांनी चार पानी फॉर्म पाठवला. मी प्रश्न वाचत होते, सिस्टर उत्तरं सांगत होत्या. अपघात झाला आहे का? मोठी दुरुस्ती? कोणते भाग बदलले? कुटुंबातील इतरांची हरकत आहे का?

"ह्यांच्या फॉर्मवर एवढं विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"आधीच्या संस्थेच्या?"

"ह्यांच्या गं. मेडिकल कॉलेजला दिलं ना ह्यांना. एकच पान होतं. पुढचं वाच."

मला पुढचं वाचता येईना. तीन वर्षं मी त्या घरात राहतेय. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, खाली तारीख आहे. मी काय गृहीत धरलं होतं, ते आता सांगण्यात अर्थ नाही.

"देहदान म्हणतात त्याला," सिस्टर म्हणाल्या. "एम.ए.ला नव्हतं का?"

"नव्हतं."

शेवटी 'इतर अटी' असा रकाना होता. सिस्टरनी पेन स्वतःकडे घेऊन लिहिलं : विकू नये. सुटा भागही विकू नये.

वर्कशॉपचे सर गाडी बघायला आले. बॉनेटवर फॉर्म ठेवून त्यांनी ती अट दोनदा वाचली.

"बाई, मुलं खोलतात, शिकतात. पण शेवटी सामान भंगारात जातंच."

"भंगारात देता की विकता?"

सरांनी टोपी काढून परत घातली. "विकतो."

"मग नको."

सर निघाले. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. "असं केलं तर? खोलायची आणि परत जोडायची. पुढच्या तुकडीने परत खोलायची."

"म्हणजे संपायचीच नाही?"

"सगळे भाग जागेवर राहिले तर नाही."

"ते मी बघते. सुरुवातीला मी मोजणार, शेवटी मी मोजणार. मधलं तुमचं." सही करताना त्या मला हळूच म्हणाल्या, "माणसांना परत जोडत नाहीत."

दुसऱ्या दिवशी टोचन लावून गाडी नेली. समोरच्या बाईंनी निर्धास्तपणे चादरी वाळत घातल्या.

पहिला तास शनिवारी होता. सिस्टर थिएटरातला जुना ॲप्रन घालून आल्या. वीसेक मुलंमुली गाडीभोवती उभी होती. सिस्टरनी ट्रेमधले पाने मोजून वहीत लिहिले. सर इंजिनात वाकले आणि हात मागे करून म्हणाले, "बारा..." पुढचं 'नंबर' म्हणायच्या आत पाना तळहातावर बसला होता. सरांनी वळून पाहिलं.

"काम करा," सिस्टर म्हणाल्या.

त्यानंतर सरांनी आकडा सांगणं सोडलं. हात मागे यायचा, हवा तो पाना मिळायचा. हीटर प्लग बाहेर आले. बोटाएवढे, टोकाला काळे. सगळ्यांच्या हातांतून फिरले, माझ्याही.

तास संपला. सिस्टर ट्रेपाशी गेल्या. "पाने बरोबर. हीटर प्लग पाच."

"पडला असेल कुठेतरी," सर म्हणाले. "सोमवारी बघू."

"सोमवारी नाही. दार लावा. आत राहिला असेल, पुन्हा बघा."

सर टॉर्च घेऊन वाकले. मुलं फरशीवर गुडघे टेकून गाडीखाली शोधू लागली. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"बाई, एक प्लग घेऊन कोण बाजारात जाणार आहे?" सर आतूनच म्हणाले.

"सुरुवात एकापासूनच होते. मी शब्द दिलाय."

मी खिशातून प्लग काढला आणि ट्रेमध्ये ठेवला. तो का घेतला होता, ते मला सांगता आलं असतं; दुसऱ्या दिवशी रविवार होता. कुणी विचारलं नाही. मुलं उठून गुडघे झटकू लागली. सिस्टर माझ्याकडे वळल्या.

"विकणार होतीस?"

"नाही."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजले, एकेकाला बोट लावून.

"सहा," त्या सरांना म्हणाल्या. "आता बंद करा."