बांबूची एसटी

एसटीची नोकरी संपली तरी धोंडू गोताड वळण कधी माणसासारखं घेत नसे. देवळाचा कोपरा आला की तो आधी उजवीकडे सरके, मान लांब करून पलीकडचं बघे आणि मग ऐसपैस वळसा घालून, मागचं चाक गटारात जाणार नाही अशा बेताने वळे. मागच्या चाकाच्या जागी बहुतेक वेळा त्याची बायको मथुरा असे. ती डोक्यावरच्या टोपलीसकट सरळ मधून निघून जाई आणि पुढे त्याची वाट बघत उभी राही.

रत्नागिरीपासून जवळच असलेल्या तळेकोंडात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. तो डायवर. सदऱ्यावर विनाअपघात सेवेचा बिल्ला लावून तो लग्नाला जाई आणि तसाच बाराव्यालाही जाई. आपल्या हातून कोंबडीलासुद्धा धक्का लागलेला नाही, हे तो दोन्ही ठिकाणी सांगे. बाराव्याला तरी हे सांगू नये, असं मथुरेचं मत होतं. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं, की गेलेला निदान माझ्या गाडीखाली गेला नाही, हे घरच्यांना कळलेलं बरं.

शहाऐंशी साली मुंबईच्या एका बिल्डरने गावच्या तळ्याकाठी ‘सरोवर दर्शन’ नावाची वसाहत काढली, म्हणजे कागदावर काढली. तीन मजल्यांच्या इमारती, प्रत्येक ब्लॉकला गॅलरी, गॅलरीतून तळं. त्या तळ्याचं दर्शन तोवर फक्त म्हशी घेत आल्या होत्या, त्याही आत बसून. रत्नागिरीच्या कचेरीतून ग्रामपंचायतीला कागद आला: या वसाहतीमुळे रस्त्यावर आणि पाण्यावर काय परिणाम होईल, याची पाहणी करून अभिप्राय द्यावा. सरपंच महिपत शितपांनी आयुष्यात अभिप्राय दिला होता तो फणसाच्या गऱ्यांवर. त्यांनी पंचायतीच्या सभेत कामाची वाटणी करून टाकली. पाणी सुरय्याबी सोलकरांकडे, कारण त्यांची विहीर तळ्याच्या बांधाखाली होती. रस्ता डायवरकडे, कारण दुसऱ्या कुणाकडे देणार?

सुरय्याबींचा नवरा कुवेतला होता आणि पंचायतीत त्यांची जीभ सगळ्यांत मोकळी होती. त्यांचा अभिप्राय बिल्डरच्या इंजिनियरसमोर, सबनीस साहेबांसमोरच देऊन झाला. आपला जांभा दगड म्हणजे चाळण, त्या म्हणाल्या. वर इमारतींचे शोषखड्डे, खाली तळं, तळ्याखाली माझी विहीर.

“वरच्यांनी सकाळी संडासाची साखळी ओढायची आणि मी दुपारी हंडा भरायचा, असं होय?”

सबनीसांनी इंग्रजीत समजावलं की जमीन पाणी गाळून शुद्ध करते. सुरय्याबींनी तसं असेल तर पहिला हंडा साहेबांच्या घरी पोचवायची तयारी दाखवली.

धोंडूची पाहणी मात्र व्हायच्या आधीच झाली होती. वसाहतीच्या तोंडाशी दुकानाचा एक गाळा मथुरेच्या नावे करून देऊ, असं सबनीस त्याला तळ्याकाठी एकट्याला गाठून बोलले होते. हे ऐकून मथुरा हरखली. नोकरी सुटल्यापासून हा माणूस दिवसभर तिच्या स्वयंपाकघरात उभा राहून टोप कुठे ठेवावा, चूल कुठून फुंकावी हे सांगत असे. गाळा झाला तर हा बाहेरच्या बाकावर बसेल आणि चार पैसेही येतील. बिस्किटांच्या बरण्या कुठल्या फळीवर ठेवायच्या, हे तिने ठरवूनही टाकलं. रस्ता ठीक आहे, एवढंच धोंडूने म्हणायचं होतं.

पण ट्रायल घेतल्याशिवाय रस्ता ठीक म्हणणं धोंडूला जमेना. एसटी देवळाशी येऊन परत फिरत असे. तळ्याच्या बांधावरून बैलगाड्या आणि सायकलीच जात. वसाहत झाली की तिथून एसटी जाणार, समोरून वाळूचे ट्रक येणार. ट्रायलसाठी एक रिकामी गाडी मागायला तो डेपोत गेला. तिथे त्याला चहा मिळाला.

तेव्हा त्याने बांबूची एसटी बांधली. एसटीची लांबी-रुंदी त्याला मथुरेच्या वयापेक्षा नक्की ठाऊक होती. दोन लांब बांबू, चार आडवे, काथ्याने आवळलेले. वाडीतले गडी बांबू खांद्यावर घेऊन प्रवासी झाले. पुढे धोंडू, हातात सायकलची रिंग, सदऱ्यावर बिल्ला. कंडक्टर म्हणून वाडीतला ढोलवाला केरू. घंटी नव्हती म्हणून केरूने आपला ढोल गळ्यात अडकवला. दोन ठोके म्हणजे चल, एक ठोका म्हणजे थांब, असं ठरलं. समोरून सबनीसांची जीप ट्रक म्हणून यायची होती.

शिमगा नुकताच संपला होता, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

केरूने दोन ठोके दिले आणि गाडी निघाली. एका बाजूला शेताचा दगडी गडगा, एका बाजूला तळं. बांधाच्या मध्यावर जीप समोर आली आणि डाव्या चाकांनी गडग्याचे दगड खरवडत उभी राहिली. उरलेल्या जागेतून एसटीने जायचं. धोंडूने मान लांब करून पाहिलं. बाहेरचा बांबू पाण्यावर गेलेला त्याला स्वच्छ दिसला. दुसऱ्या कुठल्याही रस्त्यावर त्याने तिथेच ब्रेक मारला असता. पण जीपमधून सबनीस हसून हात हलवत होते आणि मागे बांधाच्या तोंडाशी मथुरा पदर खोचून उभी होती. त्याने रिंग फिरवली आणि गाडी पुढे घातली.

केरूला धोका दिसला. त्याने थांबायचा एक ठोका दिला. पण ढोलावर एकच ठोका मारून थांबणं त्या हाताला माहीतच नव्हतं. पहिल्यामागे दुसरा आला, तिसरा आला, आणि खांद्यावर बांबू असलेल्या गड्यांनी जे दर शिमग्याला करायचं तेच केलं. त्यांनी पालखी नाचवली. एसटी गुडघ्यांत वाकली, वर उसळली, डोलली, गोल फिरली. धोंडू दोन्ही टाचा मातीत रोवून ओरडत होता की अरे गाडी आहे ती, देव नाही. देव असता तर कदाचित सावरून घेतलं असतं. एसटी नाचत नाचत बांधावरून उतरली आणि प्रवाशांसकट तळ्यात गेली. म्हशींनी उठून रस्ता दिला.

कुणाला काही लागलं नाही. जो तो हसत होता, सबनीस सगळ्यांत जास्त.

तासाभराने पंचायतीच्या खोलीत सगळे ओलेच बसले. महिपतरावांनी कागद पुढे ओढला आणि अभिप्राय विचारला. सबनीसांनी धोंडूच्या खांद्यावर हात ठेवला.

“रस्त्यात काही दोष नाही, गोताड. ड्रायव्हरची चूक झाली. तेवढं लिहून द्या, गाळा तुमचाच आहे.”

धोंडूचा हात बिल्ल्यावर गेला. बिल्ल्याला शेवाळ लागलं होतं. केरूला राहवलं नाही. “डायवर, ढोलावर घाल. माजाच हात चुकला.”

“ढोलाला मधे घेऊ नको,” धोंडू म्हणाला. दारात मथुरा उभी होती. तिने डोळ्यांनी त्याला एकच गोष्ट सांगितली, ती म्हणजे बरण्या.

“ढोल वाजायच्या आधीच बाहेरचा बांबू पाण्यावर होता,” तो शेवटी म्हणाला. “मी बघितला नि तरी गाडी घातली. खऱ्या एसटीत माणसं असती.”

“म्हणजे ड्रायव्हरचीच चूक,” सबनीस म्हणाले.

“साहेब, मोहात पडल्याशिवाय ज्या रस्त्यावर डायवर गाडी घालणार नाही, तो रस्ता एसटीचा नाही. लिवा सरपंच. समोरून गाडी आली तर दोघांतल्या एकाला तळ्यात जावं लागतं.”

सरपंचांनी तसंच्या तसं लिहिलं. सुरय्याबींनी खाली पाण्याचं आपलं म्हणणं घातलं, साखळीसकट. पुढे कचेरीने बिल्डरला आधी बांध रुंद करा आणि सांडपाण्याची दुसरी सोय दाखवा असं कळवलं. खर्चाचा आकडा पाहून बिल्डरने दुसऱ्या कुठल्यातरी सरोवराचं दर्शन घ्यायचं ठरवलं.

त्या दिवशी मथुरेने भात वाढला, पण आमटी वाढली नाही. “बिल्ला आहे ना, तोच लावा तोंडी,” म्हणाली. आठवडाभर ती त्याच्याशी गरजेपुरतंच बोलली. गरज तशी तिला फारशी नव्हती.

मग एक दिवस तिने गड्यांना सांगून तळ्यातले बांबू बाहेर काढले. देवळाशी, जिथे एसटी परत फिरते, तिथे त्या बांबूंवर झावळ्या टाकून तिने टपरी घातली. चहा, भजी, दोन बरण्या. पाणी सुरय्याबींच्या विहिरीचं, आणणारा धोंडू. रस्त्याच्या कडेला त्याच्यासाठी एक बाकही ठेवला, चुलीपासून दूर.

एसटीचे ड्रायव्हर चहाला थांबत. धोंडू त्यांना बिल्ला दाखवून सगळ्या सर्व्हिसची हकिकत सांगायला बसे. एखादा नवखा विचारी, की खरंच एकही अपघात नाही? धोंडू तळ्याकडे न बघता सांगे की एकही नाही. इथपर्यंत आलं की मथुरा पातेल्यावर झारा दोनदा आपटे. दोन ठोके ऐकले की ड्रायव्हर सवयीने पेला ठेवून उठे, आणि धोंडूही कळशी उचलून, कोपऱ्यावर ऐसपैस वळसा घेत, विहिरीकडे निघे.