वळणावरचे दगड

आमच्या गावापासून शेजारच्या गावाला जो मोठा रस्ता जातो, त्याचा एक तुकडा डांबरकाकांचा होता. म्हणजे नोकरी मैलकुलीची. ठरलेल्या पट्ट्यातले खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं. पण बोलताना ते ‘माझा रस्ता’ असंच म्हणत. घरात त्यांचा पाय ठरत नसे. आमची भिंतीला भिंत, त्यामुळे काकूंचं “अहो, टेका की जरा” मला रोज ऐकू येई.

खड्डा भरला की ताज्या डांबरावरून गाड्या जाऊ नयेत म्हणून काका त्याच्याभोवती दगड मांडत आणि दिवस मावळायच्या आत उचलत. अंधारात दगड दिसत नाहीत, म्हणून हे काम ते दुसऱ्या कुणावर सोडत नसत.

त्या दिवशी त्यांची लेक तान्ह्या मुलीला घेऊन पहिल्यांदाच यायची होती. काका कामाच्या ट्रकमधून लवकर घरी आले. हातपाय धुतले, चटई झटकली, परत झटकली. मी ओट्यावर चहा घेत होतो. ऊन भिंतीवरून उतरलं आणि काका एकदम थबकले.

“गुरुजी, वळणावरचे दगड मी उचलले का हो?”

“मला काय विचारता? मी होतो का तिथं?”

“हातांना आठवत नाहीये,” तळव्यांकडे बघत ते म्हणाले.

काकू आतून ओरडल्या, “उचलले असतील! आजवर कधी राहिलेत का?”

“आज घाईनं ट्रकमध्ये चढलो ना. आणि ती दोघं मोटारसायकलवर येतायत. पोर मांडीवर.”

फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. जावई गाडी चालवताना फोन उचलत नसे. हा त्याचा गुण त्या दिवशी काकांना मुळीच आवडला नाही.

मी स्कूटर काढली. काका मागे अर्धे उभेच.

“गुरुजी, वाढवा जरा. शाळेची सहल नाही ही!”

“खड्डे असतात हो.”

“माझ्या रस्त्यावर?” तेवढ्यातही त्यांना राग आला.

वळण आलं आणि कडेला मोटारसायकल उभी दिसली. काकांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. स्कूटर थांबायच्या आत ते उतरले, धडपडले, धावले.

जावई तान्हुलीला छातीशी धरून मोबाइलचा उजेड पाडत होता. लेक ओढणी कमरेला बांधून शेवटचा दगड कडेला टाकत होती.

“बाबा, दगड राहिले तुमचे,” ती म्हणाली. “मी यांना आधीच सांगितलं, हळू घ्या, या वळणावर बाबांचा खड्डा असतो. लहानपणी डबा घेऊन यायचे तेव्हा दगड उचलल्याशिवाय सोडायचात का मला?”

“मामा, स्वागत जोरात केलंत,” जावई हसला.

पायानं चाचपत काका खड्ड्याभोवती फिरले, दोनदा.

“चला आता, आई वाट बघत असेल.”

“तुम्ही व्हा पुढे. मी मागच्या वळणावर बघून येतो.”

“तिथं आज खड्डा भरला होता?”

“नाही.”

“मग?”

“तरी पण.”

लेकीनं नवऱ्याकडून बाळ घेतलं आणि सरळ त्यांच्या हातात दिलं. “घ्या. बसा गुरुजींच्या मागे. आणि आता जा बघू कुठं जायचंय ते!”

परतताना काका स्कूटरवर नीट टेकून बसले होते.

“गुरुजी, हळू घ्या,” ते म्हणाले. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा पुटपुटले, “आणखी हळू. पुढं एक खड्डा आहे.”